विषुववृत्तावरचा पेंग्विन: उष्ण बेटांवर थंड पाण्याचा पक्षी कसा जगतो

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून साधारण एक हजार किलोमीटर पश्चिमेला, प्रशांत महासागरात, ज्वालामुखींतून घडलेला गॅलापागोस हा बेटांचा समूह आहे. त्यातले सर्वांत मोठे बेट म्हणजे इसाबेला. विषुववृत्ताची रेषा या बेटाच्या उत्तर टोकावरून जाते आणि त्याच टोकाच्या आसपास, काळ्या लाव्ह्याच्या कपारींमध्ये, पेंग्विन अंडी घालतात. जगात पेंग्विनांच्या सुमारे १८ जाती मानल्या जातात. त्यांपैकी विषुववृत्ताच्या उत्तरेलाही निसर्गतः वीण करणारी जात ही एकच. तिला गॅलापागोस पेंग्विन म्हणतात. शास्त्रीय नाव स्फेनिस्कस मेंडिक्युलस. स्वीडनचे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल सुंडेवाल यांनी १८७१ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. उंची सुमारे ५० सेंटिमीटर, वजन दोन ते अडीच किलो, पाठ काळसर, पोट पांढरे, आणि डोळ्यामागून गळ्यापर्यंत वळत आलेली एक बारीक पांढरी रेघ, असे तिचे रूप आहे.

भर उन्हात तापलेल्या खडकावर हा पक्षी जगतो कसा, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी त्याच्या शरीरात शोधले जाते. शरीराची रचना महत्त्वाची आहेच आणि तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. मात्र माझ्या मते उत्तराचा मोठा भाग समुद्राच्या तापमानात आहे, आणि त्या तापमानाच्या लहरीनुसार स्वतःचे वेळापत्रक बदलण्याच्या या पक्ष्याच्या तयारीत आहे. हा पक्षी उष्णतेचा चाहता झालेला नाही. उष्ण प्रदेशाच्या मधोमध थंड पाण्याचा एक लहानसा पट्टा त्याला सापडला आहे आणि त्या पट्ट्याला धरून राहण्याची कला त्याने साधली आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. पेंग्विन हा मुळात बर्फावरचा पक्षी नाही. अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीला आणि भोवतालच्या बर्फाला पूर्णपणे बांधल्या गेलेल्या जाती म्हणजे प्रामुख्याने एम्परर आणि अडेली. बाकीच्या बहुसंख्य जाती न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि दक्षिण महासागरातली बेटे अशा ठिकाणी राहतात. पेंग्विनांचे सर्वांत जुने ज्ञात जीवाश्म न्यूझीलंडमध्ये मिळाले असून ते सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्या काळी पृथ्वी आजच्यापेक्षा बरीच उबदार होती आणि अंटार्क्टिकावर हिमस्तर तयारच झालेला नव्हता; तो साधारण ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी आकाराला आला. पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर सापडलेल्या दोन प्राचीन पेंग्विनांचे वर्णन ज्युलिया क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतला इकाडिप्टेस नावाचा पक्षी सुमारे दीड मीटर उंच होता आणि तो सुमारे ३ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जगला. म्हणजे विषुववृत्ताच्या जवळचे किनारे पेंग्विनांना फार पूर्वीपासून माहीत आहेत.

अर्थात आजचा गॅलापागोस पेंग्विन हा त्या अतिप्राचीन पक्ष्यांचा थेट वारस नाही. तो स्फेनिस्कस या कुळातला आहे. या कुळात त्याच्यासह चार जाती येतात. आफ्रिकन पेंग्विन दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या किनाऱ्यावर राहतो, मॅगेलॅनिक पेंग्विन अर्जेंटिना आणि चिलीच्या दक्षिण भागात, तर हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर. हम्बोल्ट हा गॅलापागोस पेंग्विनचा सर्वांत जवळचा नातलग. २०१६ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणले गेलेले पेंग्विन याच हम्बोल्ट जातीचे आहेत, त्यामुळे मुंबईतल्या अनेकांनी या कुळाचा चेहरा जवळून पाहिलेला आहे. त्यांच्यासाठी तिथे १६ ते १८ अंश तापमानाचे वातानुकूलित दालन ठेवावे लागते, हे अनेकांना विसंगत वाटते. मूळ प्रदेश उष्ण कटिबंधातला असताना ही थंडी कशासाठी? त्याचे कारण असे की पेरूच्या किनाऱ्याला लागून वाहणारा समुद्रप्रवाह थंड आहे आणि त्याच्यामुळे तिथली हवाही मुंबईच्या मानाने पुष्कळ सौम्य राहते. अक्षांश सारखे असले तरी समुद्र सारखा नसतो, हीच गोष्ट गॅलापागोसला आणखी ठळकपणे लागू पडते.

आता शरीराकडे वळू. पेंग्विनच्या शरीराला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. त्याच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते, म्हणून २० अंशांच्या पाण्यात तासन्‌तास मासे पकडणाऱ्या पक्ष्याला उष्णता राखून ठेवावीच लागते. त्यासाठी दाट, एकमेकांवर घट्ट बसणारी पिसे आणि त्यांच्याखाली अडकून राहिलेला हवेचा थर त्याच्या उपयोगी पडतो. परंतु हाच पक्षी किनाऱ्यावर आला की वर विषुववृत्तीय सूर्य आणि खाली तापलेला काळा दगड असतो, आणि मघाशी जीव वाचवणारे तेच आवरण आता त्याला गुदमरवू लागते. ऊन वाढले म्हणून पिसांचा अंगरखा काढून ठेवता येत नाही. म्हणून या पक्ष्याला असे मार्ग हवे असतात की जे पाण्यात बंद ठेवता येतील आणि जमिनीवर उघडता येतील.

पहिला मार्ग आकाराचा. पातेल्यातला भात तासभर गरम राहतो, तोच ताटात पसरला की पाच मिनिटांत निवतो, कारण त्याच्या मानाने हवेला लागणारा पृष्ठभाग वाढलेला असतो. लहान शरीराचेही असेच असते. वजनाच्या तुलनेत त्याचा पृष्ठभाग जास्त असल्याने आतली उष्णता लवकर बाहेर पडते. तीस किलोंच्या घरातला एम्परर पेंग्विन ध्रुवीय हिवाळा सोसू शकतो त्यात त्याच्या थोराड आकाराचा मोठा वाटा आहे. दोन-अडीच किलोंच्या गॅलापागोस पेंग्विनला तिथे तग धरता येणार नाही. स्फेनिस्कस कुळात तोच सर्वांत लहान आहे. मात्र आकाराचा सगळा संबंध उष्णतेशीच जोडणे बरोबर होणार नाही. अन्नाचा पुरवठा बेभरवशाचा असेल तिथे कमी खाण्यावर भागणारे लहान शरीर स्वतंत्रपणेही फायद्याचे ठरते, आणि गॅलापागोसमधले अन्न किती बेभरवशाचे असते ते पुढे येईलच.

दुसरा मार्ग पंखांचा, आणि तो मला सर्वांत विलक्षण वाटतो. पेंग्विनचे पंख उडण्यासाठी नसून वल्ह्यासारखे पाणी कापण्यासाठी असतात. ते पातळ आणि चपटे असतात, त्यांच्यावरची पिसे आखूड असतात, म्हणून पाण्यात उष्णता गमावण्याचा धोका तिथे सर्वाधिक. या धोक्यावर उपाय म्हणून खांद्याजवळ, पंखाकडे जाणाऱ्या रोहिणीच्या अनेक लहान शाखा होतात आणि त्या परत येणाऱ्या नीलांना अगदी खेटून वाहतात. शरीरातून येणारे गरम रक्त पंखात पोचण्याआधीच आपली उष्णता परतणाऱ्या गार रक्ताला देऊन टाकते. अशा रीतीने उष्णता खांद्यापाशीच माघारी वळते आणि पंख थंड राहिला तरी शरीर गरम राहते. डॅनियल थॉमस आणि इवान फॉर्डाइस या संशोधकांनी जीवाश्म हाडांवरच्या रक्तवाहिन्यांच्या खुणा तपासून असे दाखवले की ही रचना पेंग्विनांमध्ये सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे पृथ्वी उबदार असतानाच, आलेली होती. ध्रुवावर बर्फ साचण्याच्या कितीतरी आधी पेंग्विन थंड पाण्यात लांबवर शिकारीला जात होते आणि ही व्यवस्था त्या कामासाठी घडली होती.

जमिनीवर मात्र याच पंखांकडून उलटे काम करून घेतले जाते. पक्षी तापला की पंखांच्या त्वचेकडे जाणारे रक्त वाढवले जाते आणि तो पंख शरीरापासून दूर पसरून उभा राहतो. पंखांच्या सावलीकडच्या बाजूवरून वारा वाहतो आणि उष्णता निघून जाते. गॅलापागोसच्या किनाऱ्यावर पंख फाकवून, थोडे पुढे वाकून उभे असलेले पेंग्विन दिसतात. त्या वाकण्यालाही अर्थ आहे. तसे उभे राहिल्याने पायांवर स्वतःच्याच शरीराची सावली पडते. पायांवर पिसे नसतात, त्यामुळे सावलीत ठेवलेले पाय उष्णता बाहेर टाकण्याच्या कामी येतात आणि उन्हात राहिले तर भाजतात.

याखेरीज तो चोच उघडून भरभर धापा टाकतो, त्यामुळे घशातल्या आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याचे बाष्प होते आणि रक्त थंड होते. विणीच्या हंगामाआधी त्याच्या चोचीच्या मुळाशी आणि डोळ्यांभोवती असलेली काही पिसे गळून पडतात आणि गुलाबी त्वचा उघडी पडते. उष्णता बाहेर जाण्यासाठी ही आणखी एक वाट. धापा टाकण्यात पाणी खर्च होते, आणि या बेटांच्या किनाऱ्यावर गोडे पाणी जवळजवळ नसते. ती तूट मासे भरून काढतात. माशांबरोबर आणि समुद्राच्या पाण्याबरोबर पोटात गेलेले जादा मीठ डोळ्यांच्या वर असलेल्या क्षारग्रंथी बाहेर टाकतात. ही सोय सगळ्याच पेंग्विनांकडे असते, पण इथे तिचे मोल अधिक आहे.

सर्वांत साधा उपाय म्हणजे उन्हात न थांबणे. गॅलापागोस पेंग्विन दिवसाचा मोठा भाग पाण्यात घालवतात आणि उतरत्या उन्हाला किनाऱ्यावर येऊन रात्र जमिनीवर काढतात. ते किनाऱ्यापासून फार दूर जात नाहीत आणि त्यांच्या बहुतेक बुड्या काही मीटरांपेक्षा खोल नसतात. पण अंडी उबवणाऱ्या पक्ष्याला दिवसाही जागा सोडता येत नाही. म्हणून घरट्याला सावली असणे ही त्यांच्यासाठी जीवनमरणाची गरज आहे. लाव्हा थंड होताना तयार झालेल्या पोकळ नळ्या, खडकांमधल्या भेगा, लहान गुहा अशा जागी ते अंडी घालतात. अशा जागा मोजक्याच असतात. पुष्कळशा भरतीच्या रेषेजवळ असल्यामुळे पाणी शिरून अंडी वाहून जाण्याचा धोकाही असतो. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण या जातीला माणूस नेमकी कुठे मदत करू शकतो हे त्यातूनच कळले.

हे सगळे असूनही गॅलापागोसभोवतीचा समुद्र अन्य विषुववृत्तीय समुद्रांसारखा असता, तर तिथे एकही पेंग्विन दिसला नसता. प्रशांत महासागरात विषुववृत्ताजवळ व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि पृष्ठभागाचे पाणी इंडोनेशियाच्या दिशेने लोटतात. त्यामुळे पश्चिमेकडे समुद्राची पातळी पूर्वेपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच राहते. तिथे साठलेल्या पाण्याचा दाब पृष्ठभागाखालचे पाणी पुन्हा पूर्वेकडे ढकलतो, आणि विषुववृत्ताच्या अगदी रेषेवर पृथ्वीच्या परिवलनामुळे होणारी दिशेची ओढ शून्य असल्याने हा परतीचा प्रवाह भरकटत नाही, सरळ रेषेला धरून हजारो किलोमीटर वाहत राहतो. वरचे पाणी पश्चिमेला जात असते आणि त्याच्याच खाली, सुमारे १०० मीटरांच्या आसपास, एक थंड प्रवाह पूर्वेला जात असतो. ट्यूना माशांच्या संशोधनासाठी प्रशांत महासागरात काम करणारे टाउनसेंड क्रॉमवेल यांनी १९५२ मध्ये त्याचा अभ्यास केला, म्हणून त्याला क्रॉमवेल प्रवाह म्हणतात.

या प्रवाहाच्या वाटेत गॅलापागोसची बेटे समुद्रतळापासून भिंतीसारखी उभी आहेत. फर्नांदिना आणि इसाबेला ही सर्वांत पश्चिमेची मोठी बेटे. प्रवाह त्यांच्यावर आदळतो आणि थंड पाणी वर चढते. खोल पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट असे पोषक क्षार साठलेले असतात. ते सूर्यप्रकाशात पोचले की सूक्ष्म वनस्पती-प्लवक झपाट्याने वाढतात, त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी, त्यांच्यावर सार्डिन आणि अँकोव्हीसारखे थव्याने फिरणारे लहान मासे, आणि त्या माशांवर पेंग्विन. याशिवाय दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरून येणारा थंड हम्बोल्ट प्रवाह साधारण जून ते नोव्हेंबर या काळात बेटांभोवतीचे पाणी आणखी गार करतो. या महिन्यांत तिथे धुके आणि भुरभुर पाऊस असतो, ज्याला स्थानिक लोक गारुआ म्हणतात. गॅलापागोस पेंग्विनांपैकी दहातले सुमारे नऊ इसाबेला आणि फर्नांदिना यांच्या किनाऱ्यांवरच आढळतात. बार्तोलोमे, सांतियागो, फ्लोरेआना अशा बेटांवर थोडे थोडे असतात. बेटांच्या समूहाचा नकाशा घेऊन त्यावर थंड पाण्याचा पट्टा रंगवला, तर पेंग्विनांची वस्ती कुठे आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही.

अशा रीतीने सगळे जीवन एका प्रवाहाच्या भरवशावर असेल, तर तो प्रवाह कमजोर पडल्यावर काय होते? आपल्याकडे एल निनोचे नाव मोसमी पावसाच्या अंदाजाबरोबर दरवर्षी कानावर येते. एल निनोच्या काळात व्यापारी वारे मंदावतात, पश्चिमेला साठलेले उबदार पाणी पूर्वेकडे पसरते, आणि गॅलापागोसजवळ उबदार पाण्याचा थर इतका जाड होतो की वर येणारे पाणीही उबदारच असते आणि त्यात पोषक क्षार नसतात. प्लवक घटतात, मासे खोल जातात, दूर जातात किंवा मरतात, आणि किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात शिकार करणाऱ्या पेंग्विनला काहीच मिळत नाही. १९८२-८३ च्या एल निनोत या जातीची संख्या सुमारे ७७ टक्क्यांनी घटली. हळूहळू भर पडत असतानाच १९९७-९८ चा एल निनो आला आणि पुन्हा सुमारे ६५ टक्के पक्षी नाहीसे झाले. त्याच १९९७ साली भारतातला मोसमी पाऊस मात्र सरासरीच्या जवळपास राहिला. भारतीय पावसावर एल निनोखेरीज इतर घटकांचाही प्रभाव असतो. गॅलापागोसच्या पेंग्विनांना असा दुसरा आधार नाही.

तरीही ही जात टिकून आहे, आणि तिच्या टिकण्याचे रहस्य मला तिच्या वेळापत्रकात दिसते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डी बोर्स्मा यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून या पक्ष्यांचा अभ्यास केला आणि त्यातून हे चित्र स्पष्ट झाले. बहुतेक पेंग्विनांचा विणीचा हंगाम ठरलेला असतो. अंटार्क्टिकातला एम्परर दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशीच अंडे घालतो, कारण तिथले ऋतू नेमाने येतात. गॅलापागोसमध्ये अन्नाचा काळ दिनदर्शिका सांगत नाही, पाण्याचे तापमान सांगते. त्यामुळे हा पक्षी वर्षाच्या कोणत्याही महिन्यात वीण सुरू करू शकतो. पृष्ठभागाचे पाणी साधारण २५ अंशांच्या खाली उतरले आणि मासे मिळू लागले की जोड्या घरट्यांकडे वळतात. तापमान त्याच्या वर गेले की वीण थांबते. परिस्थिती चांगली राहिली तर एका वर्षात एकापेक्षा जास्त वेळाही अंडी घातली जातात आणि वाईट काळात महिनोन्‌महिने एकही घरटे दिसत नाही.

एका विणीचा हिशेब पाहिला की हा जुगार किती मोठा आहे ते कळते. मादी बहुधा दोन अंडी घालते. नर आणि मादी आळीपाळीने ती साधारण ४० दिवस उबवतात. पिल्ले बाहेर आल्यावर घरटे सोडण्याइतकी मोठी होण्यास सुमारे दोन महिने लागतात. म्हणजे साडेतीन महिने आसपासच्या पाण्यात मासे असायला हवेत, आणि पुढचे साडेतीन महिने समुद्र कसा राहील हे अंडी घालतानाच्या पाण्यावरून ठरत नाही. मध्येच पाणी तापले तर आई-बाप अंडी किंवा पिल्ले सोडून समुद्रात निघून जातात. वाचताना हे निष्ठुर वाटते. परंतु जो पक्षी अनेक वर्षे जगतो आणि ज्याला पुन्हा वीण करण्याची संधी मिळू शकते, त्याने भुकेने घरट्यातच मरण्यापेक्षा स्वतःला वाचवणे हे जातीच्या दृष्टीने अधिक किफायतशीर असते. उलट पाणी दीर्घकाळ गार राहिले तर दोन्ही पिल्ले वाढवली जातात, आणि काही वेळा घरटे सोडून गेलेल्या मोठ्या पिल्लांनाही आई-बाप किनाऱ्यावर भरवत राहतात. पेंग्विनांमध्ये असे वागणे दुर्मीळ आहे. गॅलापागोसमधल्या या निरीक्षणांवरचा अभ्यास बोर्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. पोटभर मासे असले की एक पिल्लू अधिक जगवायचे आणि नसले की काहीच हाती धरून बसायचे नाही, असा हा व्यवहार आहे.

पिसे बदलण्याची वेळही अशीच जपून निवडलेली असते. पेंग्विन आपली सगळी पिसे एकदमच बदलतात. त्या काळात आवरण पाणी रोखू शकत नाही, म्हणून समुद्रात उतरून शिकार करणे अवघड होते आणि पक्ष्याला साठवलेल्या चरबीवर राहावे लागते. बहुतेक जाती वर्षातून एकदा, वीण संपल्यावर पिसे बदलतात, कारण पुढेही अन्न मिळणार याची त्यांना बरीच खात्री असते. गॅलापागोस पेंग्विन हे काम सामान्यतः विणीच्या आधी उरकतो आणि वर्षातून दोनदाही करतो. साधारण दोन आठवड्यांचा हा उपास त्याला समुद्रात मासे भरपूर असतानाच परवडतो. विणीत शरीर झिजल्यानंतर उपासाची पाळी आली आणि तेव्हाच पाणी तापले, तर तो मरणार. आधी स्वतःची पिसे नवी करून घ्यायची, मग पिल्लांचा विचार करायचा, या क्रमात या बेटांचा सगळा बेभरवसा उमटलेला आहे. माझ्या दृष्टीने उष्ण बेटावर जगण्यासाठी या पक्ष्याने केलेला हा सर्वांत मोठा बदल आहे, जरी तो छायाचित्रात दिसत नसला तरी.

प्रवाहाच्या भवितव्याविषयी एक अनपेक्षित निष्कर्ष २०१५ मध्ये पुढे आला. क्रिस्टोफर कार्नॉस्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ पासूनच्या समुद्राच्या तापमानाच्या नोंदी तपासल्या. या अभ्यासात रघु मुर्तुगुड्डे हे मुंबईच्या आयआयटीशी निगडित राहिलेले हवामानशास्त्रज्ञही सहभागी होते. जगभरचे समुद्र तापत असताना गॅलापागोसच्या पश्चिमेचा थंड पाण्याचा पट्टा अधिक गार झाला होता आणि उत्तरेकडे पसरला होता. वाऱ्यांची रचना बदलल्याने खालचा प्रवाह किंचित उत्तरेला सरकला, हे त्याचे संभाव्य कारण त्यांनी मांडले. त्याच काळात, १९८० च्या दशकातल्या आपत्तीनंतर, पेंग्विनांची संख्याही वाढली होती. ही दिलासा देणारी गोष्ट आहे, पण तिच्यावर विसंबून राहता येणार नाही. एखाद-दुसऱ्या तीव्र एल निनोने अनेक वर्षांची भर पुसली जाते हे दोनदा दिसले आहे. हर्नान वार्गास आणि सहकाऱ्यांनी एल निनोची वारंवारता लक्षात घेऊन जो अंदाज मांडला, त्यानुसार पुढच्या शंभर वर्षांत ही जात नष्ट होण्याची शक्यता सुमारे ३० टक्के आहे. २००० पासून ती संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. २०२० च्या गणनेत १,९४० पक्षी मोजले गेले, आदल्या वर्षी हा आकडा १,४५१ होता. जगातली संख्या इतकी कमी, आणि तीही मुख्यतः दोन बेटांच्या किनाऱ्यांवर एकवटलेली.

इतक्या कमी संख्येला समुद्राशिवाय इतर धक्केही सोसत नाहीत. माणसांबरोबर आलेली मांजरे आणि उंदीर प्रौढ पक्ष्यांवर, पिल्लांवर आणि अंड्यांवर हल्ला करतात. मूळच्या गॅलापागोसमध्ये असे सस्तन शिकारी नव्हते. १९८० च्या दशकात क्युलेक्स क्विन्क्वेफॅसिएटस हा डास बेटांवर पोचला. आपल्याकडे हत्तीरोगाचा प्रसार करणारा डास तो हाच. तो पक्ष्यांचा मलेरियाही पसरवतो, जो माणसाच्या मलेरियापेक्षा वेगळा आहे. २००९ मध्ये गॅलापागोस पेंग्विनांच्या रक्तात त्याचे परजीवी आढळल्याची नोंद झाली. या रोगाची मोठी साथ त्यांच्यात पसरलेली नाही, तरी हवाई बेटांवरच्या अनेक स्थानिक पक्ष्यांचा याच प्रकारच्या रोगाने घात केला आहे, म्हणून तिथले संशोधक वेळोवेळी पेंग्विनांचे रक्त तपासतात.

एल निनो थांबवणे कोणाच्या हाती नाही, पण घरट्यांची उणीव भरून काढणे शक्य आहे, असा विचार बोर्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पाणी गार झाले, मासे आले, जोडी तयार झाली, आणि सावलीची कपारच मिळाली नाही, तर ती चांगली संधी वाया जाते. म्हणून २०१० मध्ये त्यांनी फर्नांदिना, बार्तोलोमे आणि इसाबेलाजवळच्या मारिएला बेटांवर तिथलेच लाव्ह्याचे दगड रचून १२० घरटी तयार केली. ती भरतीच्या पाण्यापासून वर, आतून पुरेशी प्रशस्त आणि पूर्ण सावलीत राहतील अशी बांधली होती. पेंग्विनांनी ती वापरायला घेतली आणि त्यांत पिल्लेही वाढली. ही घरटी वेळोवेळी तपासावी आणि दुरुस्त करावी लागतात, कारण लाटांनी दगड ढळतात. ज्या वर्षी पाणी तापलेले असते त्या वर्षी ती रिकामी राहतात. ज्या वर्षी क्रॉमवेल प्रवाह पुन्हा जोर धरतो त्या वर्षी मात्र सावलीच्या जागेवाचून एकाही जोडीची वीण अडू नये, एवढ्यासाठी ती तयार ठेवली जातात.